दुसरे हृदय

शाळेतून निवृत्त झालो आणि मी आरामखुर्चीत विसावलो. पाणी हवे झाले, की नात तांब्या-भांडे पुढे करी. वर्तमानपत्र सूनबाई हातात आणून देत. काही महिन्यांनी मात्र सायंकाळी माझ्या पायांवर सूज दिसू लागली. डॉक्टरांनी सर्व तपासण्या केल्या. दुसरा काही आजार नाही, अशी खात्री झाल्यावर ते हसून म्हणाले, "गुरुजी, आपण आपल्या दुसऱ्या हृदयाला विसरलात!"

मुलांनो, हे दुसरे हृदय कोणते?

आपले हृदय मुठीएवढे असते. दिवसाकाठी ते सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते आणि रोहिण्यांतून सर्व शरीराला रक्त पुरवते. तेच रक्त नीलांतून हृदयाकडे परत येते. रक्ताचे हे अभिसरण इंग्लंडमधील वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सप्रमाण सिद्ध केले. दंड आवळून बांधावा, फुगलेल्या नीलेवरून बोट फिरवावे आणि रक्त एकाच दिशेने वाहते हे पाहावे, असा त्यांचा साधा प्रयोग होता. नीलांमधील लहान झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत.

परंतु पावलांतील रक्त वर ढकलणार कोण? पोटरीवर हात ठेवून टाचा उचला. पोटरी घट्ट होते ना? पिचकारी दाबावी, त्याप्रमाणे पोटरीचे स्नायू नीलांना दाबतात आणि रक्त वर चढते. हेच ते दुसरे हृदय! पहिले आपोआप चालते. दुसरे मात्र आपण चाललो, तरच चालते.

उतारवयात रक्तवाहिन्या ताठर होतात, झडपा सैल पडतात आणि स्नायूंची शक्ती कमी होते. म्हणून वृद्धांनी रोज झेपेल तेवढे चालावे. फार वेळ एका जागी बसू नये. बसावेच लागले, तर टाचा वर-खाली कराव्यात. निजून उठताना क्षणभर अंथरुणावर बसावे, म्हणजे घेरी येत नाही. मीठ, पापड, लोणचे बेताने खावे. त्यामुळे रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत होते. तंबाखू व विडी वर्ज्य करावी. त्यांनी रक्तवाहिन्या अरुंद होतात. एकाच पायाला एकाएकी सूज येऊन तो दुखू लागला, तर मात्र विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.

आता माझी नात मला पाणी आणून देत नाही. एकदा एक पाहुणे तिला रागावले, "आजोबांना साधे पाणीही देत नाहीस?" ती नम्रपणे म्हणाली, "मी त्यांच्याबरोबर जाते ना!" आणि माझा हात धरून म्हणाली, "आजोबा, चला, आपण दोघे माठापाशी जाऊ."

वडीलधाऱ्यांना बसवून ठेवणे ही सेवा वाटते खरी. पण त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवून चालणे, ही त्याहून मोठी सेवा होय.

स्वाध्याय
१. पोटरीला 'दुसरे हृदय' का म्हटले आहे?
२. पाहुण्यांचे रागावणे तुम्हांला योग्य वाटते काय? सकारण लिहा.