आधी झाडू, मग पाला

वेंगुर्ल्याच्या आसपासच्या कोणत्याही वाडीत जा. अंगणात तुळस दिसेल. परड्यात माड दिसतील. आणि घराच्या कडेला कोंबड्यांचे खुराडे दिसेल. कोंबडी म्हणजे घरच्या बाईची हक्काची मिळकत. मीठ-मिरची, काडेपेटी, मुलांच्या वह्या, हे सारे अंड्यांच्या पैशांतून येते.

अशाच एका घरातली ही गोष्ट. त्या घरी चौदा कोंबड्या होत्या. घरची सून अंड्यांचे पैसे डब्यात साठवी. जून महिन्यात त्यातून मुलांची पुस्तके घेई.

एकदा मे महिन्यात तिने बाजारातून एक तलंग आणली. ती त्याच दिवशी खुराड्यात सोडली. पाच-सहा दिवसांनी तलंग झुकू लागली. तिला हिरवट हगवण लागली. मान वाकडी झाली. मग इतर कोंबड्याही झुकू लागल्या. सुनेने खुराड्याला कडुनिंबाच्या डहाळ्या बांधल्या. पाल्याची धुरी केली. हळदीचे पाणी पाजले. तरी दहा-बारा दिवसांत घरच्या अकरा कोंबड्या मेल्या. तलंगही मेली.

शेजारची काकी आली. म्हणाली, "काय गो बाय, तुजो कोंबो खंय गेलो? सकाळी आरवलो नाय!"

सून म्हणाली, "काय सांगू काकी, खुराडो रिकामो झालो. पालो बांधलंय, धुरी घातलंय. काय एक उपेग झालो नाय."

दोघी गुरांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी सारे ऐकून घेतले. ते म्हणाले, "वहिनी, ही मानमोडी दिसते. तिलाच राणीखेत रोग म्हणतात. एकदा रोग शिरला की कोणताही पाला तो बरा करत नाही. दुसरे औषधही नाही. आधी लस टोचून घेणे हाच उपाय."

राणीखेत हे हिमालयातले एक गाव आहे. १९२७ साली हा रोग तिथे आढळला. म्हणून त्याला ते नाव पडले.

सुनेने विचारले, "मग डॉक्टर, पाला अगदीच फुकट का?"

डॉक्टर म्हणाले, "फुकट नाही. पण पाला झाडूच्या मागून येतो. शिटेवर पाला बांधून काय होणार?"

डॉक्टरांनी जे सांगितले, ते आपणही शिकून घेऊ.

खुराडे कसे धुवावे

सकाळी कोंबड्या बाहेर सोडा. नाकाला फडके बांधा. सारी शीट खरवडून काढा आणि खताच्या खड्ड्यात टाका. खाली घाण असेल तर वरून ओतलेले औषध जंतूंपर्यंत पोचतच नाही. आपल्याकडचा जांभा दगड भोकाभोकांचा असतो. त्या भोकांत घाण आणि किडी दडून राहतात. म्हणून ब्रशाने किंवा काथ्याने जोर लावून घासा. घासायला रिठ्याचे पाणी घ्या. रिठा म्हणजे झाडावरचा साबण. तो तेलकट मळ सोडवतो.

मग एका टोपात चार लिटर पाणी घ्या. त्यात कडुनिंबाचा दोन ओंजळी पाला टाका. अर्धा तास उकळा. हे पाणी कढत असतानाच फटींत ओता. उकळत्या पाण्याने किडी आणि पुष्कळ जंतू मरतात. कडुनिंबाच्या कडूपणाने किडी लांब राहतात. हात भाजू नये म्हणून जपून ओता. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

नंतर खुराडे उघडे ठेवून उन्हात वाळवा. ऊन हे फुकटचे औषध आहे. खुराडे पुरते वाळल्यावर खाली कोरडा भाताचा तूस पसरा. पावसाळ्यात ओला तूस लगेच बदला. ओलीत पिल्लांना रक्ताची हगवण लागते. तिचे जंतू साध्या औषधांना दाद देत नाहीत. कोरडी जागा हाच त्यावर मोठा इलाज.

किडींवर उपाय

काही बारीक किडी दिवसा फटींत लपतात. रात्री बाहेर येऊन कोंबडीचे रक्त पितात. कोंबडी बसते त्या दांड्याची टोके आणि फटी यांना करंजेल लावा. किडी तेलात गुदमरतात. पण कोंबडीच्या पिसांना तेल चोपडू नका.

अंगणात एका कोपऱ्यात खड्डा करा. त्यात चुलीची थंड, कोरडी राख आणि बारीक वाळू घाला. कोंबडी त्यात लोळते. उवा झडून जातात. राख ओली मात्र नको. ओली राख कातडीला झोंबते.

खुडूक कोंबडी अंड्यांवरून फारशी उठत नाही. म्हणून तिच्या टोपलीत गवताखाली थोडी कोरडी राख आणि वाळवलेला निरगुडीचा पाला घाला.

धुरी घालताना सांभाळा

धुरी घालायची तर रिकाम्या खुराड्यात घाला. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडून अंगात हवेच्या पिशव्या असतात. कोंडलेला धूर त्याला माणसापेक्षा लवकर बाधतो. डांबराच्या गोळ्याही खुराड्यात ठेवू नका. त्या विषारी असतात.

पाळीव कबुतरांच्या खोक्यांनाही हेच नियम लावा. रानातला पोपट मात्र पिंजऱ्यात ठेवू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

लस आणि राखण

पिल्लू साधारण सात दिवसांचे झाले की मानमोडीच्या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात. पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास लस टोचतात. लस थंड ठेवावी लागते. म्हणून ती दवाखान्यातूनच घ्या. आजारी कोंबडीला लस देऊ नये.

नवी कोंबडी आणली तर निदान दोन आठवडे वेगळी ठेवा. तिचे पाण्याचे भांडेही वेगळे असू द्या.

एकदम पुष्कळ कोंबड्या मेल्या तर लगेच दवाखान्यात कळवा. मेलेली कोंबडी ओहोळात टाकू नका, विकू नका, खाऊ नका. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला होता. तो रोग माणसालाही होऊ शकतो. म्हणून मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका.

त्या सुनेच्या तीन कोंबड्या उरल्या होत्या. तिने खुराडे घासले, धुतले, वाळवले. त्यातली एक खुडूक बसली. पिल्ले निघाली. सातव्या दिवशी ती पिल्ले टोपलीत घालून दवाखान्यात गेली. काकी वाटेत भेटली. म्हणाली, "आता पालो बांधूक नाय काय गो?"

सून हसली. "बांधतलंय काकी. पण आधी झाडू!"

उत्तरे लिहा

१. शिटेवर औषध ओतून उपयोग का होत नाही?
२. नवी कोंबडी किती दिवस वेगळी ठेवावी?
३. तुमच्या खुराड्यातला तूस आज कोरडा आहे का? पाहून या आणि लिहा.