पालापाचोळ्यातला शेजारी : डे यांची चिचुंद्री



चिचुंद्री आपल्या ओळखीची आहे. रात्री स्वयंपाकघराच्या भिंतीकडेने चुंचुं करीत पळणारी, उग्र वासाची, लांब नाकाची. तिला आपण उंदरांत मोजतो, पण ती उंदीर नव्हे. उंदराचे पुढचे दात कुरतडण्याचे असतात. चिचुंद्रीचे दात बारीक व टोकदार, किडे धरून फोडण्यासाठी असतात. तिचे जवळचे नातेवाईक म्हणजे साळूसारखे काटे असलेला पण आकाराने लहान असा काटेचुवा. झुरळे, अळ्या व गांडुळे हे तिचे मुख्य अन्न.

या घरच्या चिचुंद्रीची एक बहीण दक्षिणेकडील पश्चिम घाटात राहते. तिच्याविषयी फार थोड्यांनी ऐकले आहे. या अंकातील पाठ तिच्याविषयी आहे.

नाव व ओळख

शास्त्रज्ञ तिला ‘सन्कस डेयी’ म्हणतात. १८८८ साली जॉर्ज डॉबसन या आयरिश प्राणिशास्त्रज्ञाने तिचे प्रथम वर्णन केले. नमुना केरळातील त्रिशूरचा होता. फ्रान्सिस डे हे मद्रास सैन्यातील डॉक्टर. भारतातील माशांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या सन्मानार्थ हे नाव ठेवले गेले. घरच्या चिचुंद्रीपेक्षा ही पुष्कळ लहान असून अंगाच्या मानाने तिची शेपूट लांब आहे.

केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटक येथील पश्चिम घाट सोडून ती जगात कोठेही आढळत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तिची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी आहे.

ती जगते कशी?

लहान शरीराची ऊब लवकर निघून जाते. ती टिकवण्यासाठी चिचुंद्रीला सारखे खावे लागते. याच कुळातील एक जात केवळ २ ग्रॅम वजनाची आहे व ती भारतातही आढळते. अशा जिवाला काही तास अन्न मिळाले नाही तरी प्राणावर बेतते. आपल्यासारखे डबा भरून ठेवणे तिला जमत नाही. तिचे कोठार म्हणजे जमिनीवरचा ओलसर पालापाचोळा. त्यात किडे, कोळी, गोमा, गांडुळे असतात. पाने कुजवून माती बनवण्याचे काम यांतलेच पुष्कळ जीव करतात, आणि चिचुंद्री त्यांच्यावर जगते. झाडाचा शेंडा उंच असला तरी तिचा संसार जमिनीपासून वीतभर उंचीत आटोपतो.

शोला : जंगल आणि गवत एकत्र

निलगिरी, अनामलाई यांसारख्या उंच डोंगरांवर घडीघडींत, जेथे पाणी झिरपते तेथे, ठेंगण्या सदाहरित झाडांची दाट राने असतात. त्यांना ‘शोला’ म्हणतात. शोलांच्या अवतीभोवती उघडी गवताळ कुरणे असतात. ही कुरणे म्हणजे तुटलेले जंगल नव्हे. ती मुळातच तशी आहेत. शोला व कुरण दोन्ही मिळून पावसाचे पाणी धरून ठेवतात व ते सावकाश ओढ्यांना सोडतात. भवानी नदी याच डोंगरांतून निघून कावेरीला मिळते.

इंग्रजी अमदानीत येथे चहाचे मळे आले. सरपणासाठी ऑस्ट्रेलियातून वॉटल ही बाभळीची जात व आपण ज्याला ‘निलगिरी’ म्हणतो ते झाड आणले गेले. नाव निलगिरी असले तरी ते झाड त्या डोंगराचे नाही. स्वातंत्र्यानंतरही कातडी कमावण्याच्या व धाग्याच्या उद्योगांसाठी या लागवडी वाढत गेल्या. दुरून पाहणाऱ्याला डोंगर हिरवाच दिसत होता. प्रत्यक्षात शोलांचे तुकडे पडले आणि कुरणे झाकली गेली.

याची झळ माणसालाही बसली. निलगिरीवरील तोडा लोक म्हशी पाळतात. त्यांची कमानदार घरे व मंदिरे तेथल्याच गवताने शाकारतात. कुरण गेले तेव्हा म्हशींचा चारा गेला, आणि शाकारणीचे गवत शोधत दूर जाण्याची वेळ आली. शोलातली चिचुंद्री आणि कुरणातला तोडा यांच्यावर एकाच कारणाने संकट आले : ‘रिकामी जागा आहे, झाडे लावा’ असे ठरवणाऱ्यांनी तेथे आधीपासून कोण राहते हे विचारले नाही.

शास्त्रातील एक उल्लेख

लेवीय ११ व्या अध्यायात अशुद्ध रांगणाऱ्या प्राण्यांची यादी आहे. तिसाव्या वचनातील एका इब्री शब्दासाठी प्राचीन ग्रीक भाषांतरात चिचुंद्रीचा शब्द योजला आहे. पुढील भाषांतरांत त्याचे अर्थ वेगवेगळे केले गेले. परंतु ती यादी काय खावे आणि कशाला शिवावे याविषयी आहे. कोणत्या जिवाला जगण्याचा हक्क आहे याविषयी ती नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात रांगणारे प्राणीही देवाला चांगले दिसले, हे आपण विसरू नये.

आपल्यासाठी

सह्याद्री हा त्याच पश्चिम घाटाचा उत्तर भाग आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली; त्यांत आपले कास, कोयना, चांदोली आणि राधानगरीही आहेत. कासचे पठार पाहून ‘येथे झाडे नाहीत’ असे म्हणणारा निलगिरीवरचीच चूक करील.

आपल्या मंडळ्या वृक्षारोपणासाठी मनापासून देणगी देतात. ती जरूर द्यावी. पण किती रोपे लावली एवढाच हिशेब मागू नये. रोप त्या मातीचे आहे काय? ती जागा कोणाचे कुरण आहे काय? पाड्यावरच्या जाणत्या माणसांना विचारले काय? खाली पडलेली पाने तेथेच राहू दिली जातील काय? झाडे लावता येतात. जंगल मात्र राखावे लागते, आणि त्याची सुरुवात पायाखालच्या पाचोळ्यापासून होते.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या परिसरात ‘पडीक’ म्हटल्या जाणाऱ्या जागेवर कोणकोणते जीव व कोणती माणसे अवलंबून आहेत?

२. मंदिराच्या किंवा शाळेच्या आवारातील पाचोळा आपण जाळतो काय? न जाळता त्याचे काय करता येईल?

३. एखाद्या गावासाठी चांगले काम ठरवण्यापूर्वी तेथील लोकांना कोणते तीन प्रश्न विचारले पाहिजेत?