सातबाऱ्यावरचं नाव

नागपूर,
अक्षयतृतीया

चि. बाळा,


आज दादाच्या नावानं घागर भरली. तो गेल्यानंतरची ही पहिलीच अक्षयतृतीया. वहिनीनं चिंचवणी केली, सरोळ्या केल्या, पळसाच्या पत्रावळीवर पान वाढलं. तुझी ताई सासरहून सकाळीच आली होती. तू नव्हतास. नोकरी आहे, समजतं मला.

काल रात्री तू फोनवर म्हणालास, "आत्या, ग्रामपंचायतीनं घरपट्टी दुपटीनं वाढवून पाठवलीये. पुण्यात बसून हे निस्तरणं होत नाही. दलाल चांगला भाव सांगतोय. घर, वावर सगळंच विकून टाकू का?" मी तेव्हा काही बोलले नाही. तहसील कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली, तेव्हापासून एक सवय लागली आहे. जमिनीच्या प्रश्नाला तोंडी उत्तर द्यायचं नाही. म्हणून हे पत्र. सावकाश वाच आणि जपून ठेव.

पान वाढून झाल्यावर मी आणि वहिनीनं दादाची पत्र्याची पेटी उघडली. वरच शेतसाऱ्याच्या पावत्यांचा गठ्ठा होता, सुतळीनं बांधलेला, वर्षाच्या क्रमानं लावलेला. प्रत्येक पावतीच्या मागे त्यानं पेन्सिलीनं त्या वर्षीचं पीक लिहून ठेवलंय. 'पराटी, मधी तूर.' 'सोयाबीन, पाणी लागलं.' शेवटच्या पावतीच्या मागे काही लिहिलेलं नाही. सहा एकरांचा सारा तेरा रुपये चाळीस पैसे, वरून जिल्हा परिषदेचा आणि ग्रामपंचायतीचा उपकर. सगळं मिळून एका माणसाच्या नाश्त्याचे पैसे होत नाहीत. पण एकाही वर्षाची पावती त्यात कमी नाही.

आता नीट ऐक. तुझ्या हातात आलेली नोटीस घराची आहे, वावराची नाही. ज्या जमिनीवर शेतसारा लागतो, त्या जमिनीवर ग्रामपंचायत कर लावत नाही. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात हे स्पष्ट लिहिलं आहे. कर लागतो तो इमारतीवर आणि साऱ्याखाली नसलेल्या जागेवर. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये असते, वावराची सातबाऱ्यावर. हे दोन कागद वेगळे. एका कागदावरचा राग दुसऱ्यावर काढू नकोस.

घरपट्टी वाढली त्यालाही कारण आहे. 2015 च्या अखेरीस नियम बदलले आणि गावातली घरपट्टी भांडवली मूल्यावर आली. जागेचं क्षेत्रफळ, त्या भागाचा रेडी रेकनरचा दर, बांधकाम कशाचं, घर किती जुनं, वापर राहण्याचा की धंद्याचा, एवढ्यावर हिशेब होतो. आपल्या हिंगणा तालुक्यात समृद्धी महामार्ग शिवमडक्यापासून सुरू झाला. आता गोधनी (रिठी) आणि लाडगाव इथल्या सुमारे 692 हेक्टरवर नवीन नागपूर उभारायला सरकारनं सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली. भाव वाढला की रेडी रेकनर वाढतो आणि रेडी रेकनर वाढला की घरपट्टी वाढते. आपण एक वीटही न रचता हे होतं.

पण वाढ होणं वेगळं आणि चूक होणं वेगळं. आपलं घर मातीच्या भिंतीचं, कवेलूचं, माझ्या जन्माआधीचं. गावी गेलास की नमुना 8 चा उतारा काढ आणि त्यात बांधकाम काय लिहिलंय ते पाहा. कवेलूचं घर 'आरसीसी' म्हणून नोंदलं असेल, घराचं वय धरलं नसेल, पडलेल्या गोठ्याचं क्षेत्रफळ अजून चालू असेल, तर मुदतीत लेखी हरकत दे आणि पोच घे. माझ्या नोकरीच्या काळात लोक येऊन टेबलावर हात आपटायचे. त्यांना मी एकच विचारायची, हरकतीचा कागद कुठे आहे? दहापैकी आठजणांकडे तो नसायचा. कर जास्त वाटला म्हणून भरायचंच थांबवणं तर सगळ्यात वाईट. हरकत घे आणि भर.

थकवण्याबद्दल एवढं कळकळीनं का लिहिते, ते सांगते. 'आकारी पड' हा शब्द तू ऐकला नसशील. सारा थकला, शेतकऱ्याला भरता आला नाही, तेव्हा सरकारनं ताब्यात घेतलेली ती जमीन. बारा वर्षांच्या आत थकबाकी भरून ती सोडवून घेता येत असे. ज्यांना हे जमलं नाही किंवा ठाऊकच नव्हतं, त्यांची जमीन सरकारजमा झाली. किती रुपयांसाठी? आपल्या पेटीतल्या पावतीवर आहेत, तेवढ्यासाठी. त्यांची नातवंडं पुढे वर्षानुवर्षं अर्ज करत राहिली. 2025 च्या सुरुवातीला सरकारनं त्या जमिनी मूळ खातेदारांना आणि त्यांच्या वारसांना ठरावीक रक्कम भरून परत द्यायचा निर्णय घेतला. चांगलंच झालं. पण त्यासाठी दोन पिढ्या गेल्या. शेतावरचा सारा अजूनही फार नाही. तो भरल्याची दर वर्षीची खूण मात्र फार मोलाची आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. माझ्या आजोबांच्या काळी आपलं गाव मालगुजाराचं होतं. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं. सारा मालगुजार भरायचा आणि आजोबा त्याचं कूळ म्हणून ही सहा एकर वाहायचे. 31 मार्च 1951 ला मालगुजारी गेली. कुळाला ठरावीक रक्कम भरून मालिक-मकबुजा, म्हणजे जमिनीचा मालक, होता येत होतं. आजोबांनी एका हंगामाचा सगळा कापूस त्यात घातला आणि नाव लावून घेतलं. हे जमलं कारण पटवाऱ्याच्या कागदात वहिवाटदार म्हणून त्यांचं नाव आधीपासून होतं. शेजारच्या वावरात तेवढीच वर्षं राबलेला माणूस होता, त्याचं नाव कागदात नव्हतं. त्याला काही मिळालं नाही. ही गोष्ट मी आजोबांच्या तोंडून कितीदा ऐकली असेन. जमीन आपल्याकडे नावामुळे आली. ती गेली तर नावामुळेच जाईल.

आणि आज सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे? दादाचं. त्याला जाऊन दहा महिने झाले. वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. मेलेल्या माणसाच्या नावावरची जमीन म्हणजे मालक नसलेलं वावर. तिच्यावर पीककर्ज मिळत नाही, विमा अडतो, मोबदला आला तर तो अडकतो आणि दलालाचं फावतं. अशी खाती गावोगावी इतकी साचली की 2025 मध्ये सरकारला जिवंत सातबारा मोहीम काढावी लागली. तू मोहिमेची वाट पाहू नकोस. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची आधार कार्डं घेऊन पटवाऱ्याकडे अर्ज दे. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गाव पटवारीच म्हणतं. आधी 6-क च्या वारस नोंदवहीत नावं चढतात, मग फेरफार, त्यावर हरकतींसाठी पंधरा दिवस आणि मग सातबारा.

त्यावर तीन नावं लागतील. वहिनीचं, ताईचं आणि तुझं. ताईचं नाव लावायला सांगते, तिथं जरा थांबून वाच. 1987 मध्ये बाबा गेले, तेव्हा मी हक्कसोडपत्रावर सही केली. रसोईत होते, पिठाचे हात पुसून बाहेर आले, सही केली आणि परत आत गेले. कोणी दटावलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. दादानं मला आयुष्यभर माहेर दिलं, प्रत्येक दिवाळीला गाडी पाठवली. त्याच्याबद्दल माझ्या मनात तक्रार नाही. पण दुसऱ्यांचे सातबारे लिहिताना माझ्या मनात यायचं की ज्या वावरात मी कापूस वेचला, तिथं माझ्या नावाची एक ओळ नाही. महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि देशानं 2005 मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं मिळतो. ताईला पिठाच्या हातानं सहीला बोलावू नकोस. नाव लागू दे. पुढे तिला काय करायचं ते तिचं ती ठरवेल. ज्या घरात बहिणीचं नाव मोकळेपणानं लागतं, त्या घरात दावे होत नाहीत, हे मी कचेरीत बसून पाहिलेलं आहे.

लगेच वाटणी करा, असं मी म्हणत नाही. वाटणीचा रस्ता अवघड राहिलेला नाही. सगळे राजी असले तर तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली अर्ज करता येतो आणि शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फीही 2025 मध्ये माफ झाली. पण एकाच विहिरीवरच्या सहा एकरांचे तीन तुकडे केले की तिघांनाही पुरत नाही. नावं तीन ठेवा, वावर एक ठेवा.

आता विकण्याबद्दल. विकूच नकोस, असं सांगायचा मला हक्क नाही. उद्या दुखणं येईल, मुलांची शिक्षणं येतील. पण घरपट्टीच्या रागात विकू नकोस आणि विकण्याआधी चार गोष्टी ध्यानात ठेव.

पहिली. सगळी विकलीस तर तू शेतकरी राहणार नाहीस. आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. पुण्यात कितीही पगार असला तरी हे दार पुन्हा सहज उघडत नाही. विकायचंच झालं तर थोडी तरी राख.

दुसरी. दलाल भाव सांगतो, त्यावरचा कर सांगत नाही. शेतजमिनीच्या विक्रीवर कर नसतो हे खेड्यातल्या जमिनीपुरतं खरं आहे. दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहराच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत असलेली शेती आयकराच्या लेखी भांडवली मालमत्ता ठरते. नागपूरची वस्ती 2011 च्या जनगणनेतच चोवीस लाखांवर होती. अंतर रस्त्यानं नाही, सरळ रेषेत मोजतात. वाडी, बुटीबोरीसारख्या नगरपरिषदांचंही अंतर वेगळं मोजलं जातं. आपलं वावर या रेषेच्या आत येतं की बाहेर, ते सीएकडून लेखी घे. आत असेल आणि ती जमीन कसत असाल, तर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतल्यावर सूट मिळते. पडीत ठेवलीस तर ती सूटही हातची जाते.

तिसरी. 'एनए (बिगरशेती) करून ठेवा, किंमत वाढेल' असं कोणी म्हणेल. वापर बदलला की आकारणी बदलते आणि शेतसाऱ्याचं छत्र जातं. बांधायचं नसेल तर त्या वाटेला जाऊ नकोस.

चौथी. स्टॅम्प पेपरवर इसार घेऊन गुंठ्यागुंठ्यानं प्लॉट पाडू देऊ नकोस. नागपुरात 572 आणि 1900 अनधिकृत ले-आउटांचं काय झालं ते विचार कोणालाही. वावरं तोडून प्लॉट विकले, घेणाऱ्यांनी आयुष्याची कमाई घातली आणि ते नियमित करून घ्यायच्या कागदासाठी वर्षानुवर्षं चकरा मारल्या. आपल्या आजोबांच्या जमिनीवरून दुसऱ्याचं घर असं अधांतरी राहू नये.

आणि राखायची असेल तर ती कसलेली राहिली पाहिजे. कुलूप लावून वावर राखता येत नाही. एक वर्ष पडीत राहिलं की धुऱ्यावर बाभळी येतात, दुसऱ्या वर्षी शेजाऱ्याचा नांगर एक तास आत येतो. दादाच्या जुन्या सालदाराचा मुलगा ठेक्यानं करायला तयार आहे. भला माणूस आहे. ठेका वर्षावर्षाचा कर, कागदावर कर, त्यालाही एक प्रत दे. ई-पीक पाहणीत पीक वेळेवर चढतं की नाही ते पाहा, नाहीतर सातबाऱ्यावर पडीत लागतं. ठेक्याच्या पैशातून सारा, घरपट्टी आणि विहिरीची डागडुजी निघाली तरी पुष्कळ झालं. जमिनीनं स्वतःचा खर्च स्वतः काढावा, एवढीच अपेक्षा तिच्याकडून आता ठेव.

एक काम मात्र माझ्याशिवाय होणार नाही. सरकारी मोजणी करून घे, हे सांगतेच आहे. पण उत्तरेकडच्या धुऱ्यावर बोरीच्या बुडाशी हद्दीचा दगड आहे. तो मातीखाली दोन वीत गेलाय. बाबांनी तो मला आणि दादाला दाखवला होता, मी सहावीत असताना, उन्हाळ्यात. दादाकडून तुला तो दाखवायचा राहिला असेल. आता तो एकट्या मला ठाऊक आहे आणि माझे गुडघे दर पावसाळ्याला जास्त दुखतात.

मृग लागायच्या आत चार दिवसांची रजा काढून ये. ताईलाही बोलावते. पहिल्या दिवशी पटवाऱ्याकडे, दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जाऊ. तिसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, कुदळ घेऊन आपण तिघं बोरीपाशी जाऊ. दगड दिसला की तुम्ही दोघं त्यावर हात ठेवा. मग विकायचं की राखायचं, ते तिथं उभं राहून ठरवा.

येताना या वर्षीचा सारा भरून ये. पावतीच्या मागे काय लिहायचं ते पीक पाहून ठरवू.

तुझी,
आत्या