बार्सिलोनातील मोरोक्कन भोजनगृहे : पुण्याहून येणाऱ्या कुटुंबांसाठी

पुण्याहून नोकरी वा शिक्षणासाठी बार्सिलोनात येणाऱ्या मराठी कुटुंबांना तेथे आधीपासून स्थिरावलेली कुटुंबे बाहेरच्या जेवणाविषयी सांगू लागली, की मोरोक्कन भोजनगृहांचा उल्लेख लवकरच होतो, आणि त्याला सबळ कारण आहे. स्पॅनिश स्वयंपाकात भाजी किंवा कडधान्याच्या पदार्थातही ‘हामोन’, म्हणजे डुकराच्या मांसाचे खारवलेले तुकडे, सर्रास पडतात. मोरोक्कन स्वयंपाकघर हलाल नियमांनुसार चालत असल्याने तेथे हा धोका सहसा नसतो, शिवाय मसूर, हरभरे, जिरे, कोथिंबीर हे सारे ओळखीचे जिन्नस तेथे रोजच्या वापरात असतात. कॅटालोनियात मोरोक्कन वस्ती मोठी असल्यामुळे अशी भोजनगृहे शोधावी लागत नाहीत. जुन्या शहरातील रावाल या वस्तीत ती सहज आढळतात.

मात्र डुकराचे मांस नाही म्हणजे जेवण शाकाहारी, असा समज करून घेऊ नये. ‘कुसकुस’ हा गव्हाच्या रव्याच्या बारीक कण्यांचा, वाफेवर शिजवलेला पदार्थ असून 2020 मध्ये युनेस्कोने मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया व मॉरितानिया या चार देशांचा सामाईक अमूर्त वारसा म्हणून त्याची नोंद केली. परंतु त्यावरच्या भाज्या पुष्कळदा मांसाच्या रश्श्यातच शिजवलेल्या असतात आणि ‘भाज्यांचे कुसकुस’ मागवल्यास केवळ मांसाचे तुकडे बाजूला काढून तोच रस्सा वाढला जाणे शक्य असते. म्हणून प्रश्न मांसाबद्दल न विचारता रश्श्याबद्दल विचारावा. स्पॅनिशमध्ये रश्श्याला ‘काल्दो’ म्हणतात. मसूर, हरभरे व टोमॅटोचे ‘हरिरा’ हे दाट सूप दिसायला आमटीसारखे असले तरी त्यात बहुधा मांस असते, आणि वरून पिठीसाखर व दालचिनी भुरभुरलेली ‘पास्तिया’ मिठाई भासली तरी तिच्या पातळ पापुद्र्यांत कबुतराचे किंवा कोंबडीचे मांस बदामांसह भरलेले असते. गोमांस वर्ज्य असणाऱ्यांनी मेनूवरचा ‘तेर्नेरा’ हा शब्द लक्षात ठेवावा, कारण त्याचा अर्थ वासराचे मांस असा आहे; ‘कोर्देरो’ म्हणजे कोकराचे. मेनू कॅटलान भाषेत असला तर हे शब्द बदलतात, तेव्हा विचारून घेणेच बरे.

निर्धास्तपणे मागवता येण्याजोगे पदार्थही आहेत. ‘सालूक’ हे वांगी, टोमॅटो, लसूण व ऑलिव्ह तेलाचे कालवण भरीत खाणाऱ्या माणसाला पहिल्या घासातच आपले वाटते. ‘बिसारा’ हे सुक्या बाकला शेंगांच्या दाण्यांचे दाट सूप साधारणपणे मांसाविना होते, आणि दोन्हींसोबत ‘खोब्झ’ ही जाड गोल भाकरीवजा पावरोटी मिळते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची मात्र येथे खरी अडचण होते, कारण ‘ताजीन’, म्हणजे शंकूच्या आकाराच्या झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद आचेवर शिजणारा रस्सा, कांद्याशिवाय क्वचितच होतो.

मोरोक्कन रीतीत एकाच मोठ्या थाळ्यातून सर्वांनी जेवणे हा आपुलकीचा भाग मानला जातो. उष्ट्या-खरकट्याचा विचार करणाऱ्या घरांतील वडीलधाऱ्यांना ते अवघडल्यासारखे वाटते. पण प्रत्येकाने आपल्या समोरच्या भागातूनच, उजव्या हाताने खायचे असा नियम तेथेही काटेकोर असतो, हे कळले की बराचसा संकोच जातो, आणि वेगळ्या ताटल्या मागण्यातही काही गैर नाही.

दुपारचे जेवण शहरात साधारण दोन ते चार आणि रात्रीचे नऊनंतर होत असल्याने लहान मुलांच्या भुकेची सोय आधी पाहावी. रमजानमध्ये बरीच भोजनगृहे दिवसा बंद असतात. पुदिन्याचा हिरवा चहा किटलीतच गोड करून येतो, म्हणून मधुमेहींनी तो मागवतानाच साखर नको असे सांगावे. 2022 च्या कायद्यानुसार नळाचे पिण्याचे पाणी भोजनगृहाने विनामूल्य द्यावयाचे असते, आणि युरोपीय संघाच्या नियमांनुसार चौदा प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला मागता येते. शेंगदाणे, तीळ, बदाम यांचे वावडे असणाऱ्यांनी हा हक्क अवश्य वापरावा.

कुसकुस हा परंपरेने शुक्रवारच्या दुपारचा पदार्थ असून काही ठिकाणी तो त्याच दिवशी केला जातो, तेव्हा तो खायचा असल्यास शुक्रवार निवडावा आणि मांसाचा रस्सा नको असल्यास आदल्या दिवशीच दूरध्वनीवरून तसे कळवावे.