पडद्यावरील वाचोपचार आणि पुराव्याची कसोटी

आमच्या प्राथमिक शाळेत एक मुलगा होता. ‘क’ऐवजी तो ‘त’ म्हणत असे. गणितात हुशार; पण प्रकट वाचनाचा तास आला की मुले हसत आणि तो खाली मान घालून बसे. पुढे पुढे त्याने वर्गात बोलणेच सोडले. वाचोपचारतज्ज्ञ, म्हणजे स्पीच थेरपिस्ट, गावात नव्हता आणि तालुक्यालाही नव्हता. आज अशा मुलाला घरबसल्या शहरातील तज्ज्ञाशी जोडता येते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हापासून ही ऑनलाइन पद्धत आपल्याकडेही परिचित झाली. परंतु सोय झाली म्हणजे उपचार झाला असे नव्हे. या उपचाराचा गुण कसा पारखावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वैद्यकशास्त्रात ‘पुराव्यावर आधारित उपचार’ ही कल्पना १९९० नंतरच्या दशकात रुजली आणि तेथून ती वाचोपचारात आली. तिचे तीन आधार आहेत : संशोधनाचे निष्कर्ष, तज्ज्ञाचा अनुभव आणि रुग्णाची व त्याच्या कुटुंबाची गरज. तिन्हींपैकी एकही वगळून चालत नाही.

पहिला प्रश्न असा, की पडद्यावरून शिकवून मूल सुधारते काय? अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ग्रामीण शाळांत तज्ज्ञांची टंचाई होती. तेथे ३८ मुलांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एका गटाला आधी चार महिने पडद्यावरून व मग समोरासमोर उपचार देण्यात आले. दुसऱ्या गटाला याच्या उलट क्रमाने. दोन्ही पद्धतींत मुलांची प्रगती सारखीच आढळली. अभ्यास लहान आहे, म्हणून त्यावरून सरसकट विधान करू नये; परंतु अंतर ही अडचण दूर होऊ शकते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा : पडद्यावरून शिकवायचे काय? शिट्ट्या वाजवणे, फुंकर मारणे, जीभ वर-खाली करणे असे व्यायाम उच्चार सुधारण्यासाठी दिले जातात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतील ८५ टक्के तज्ज्ञांनी आपण असे व्यायाम वापरतो असे सांगितले. वास्तविक या व्यायामांनी उच्चार सुधारतात, याला संशोधनाचा भरवशाचा आधार नाही. फुंकर मारणे ही क्रिया निराळी आणि बोलणे ही निराळी. बोलणे सुधारायचे तर बोलण्याचाच सराव हवा.

याउलट, एकाच ध्वनीने वेगळ्या होणाऱ्या शब्दांच्या जोड्या उपयोगी ठरल्या आहेत. मराठीत ‘कार–तार’, ‘काप–ताप’, ‘रस–लस’ अशा जोड्या सहज सापडतात. पडद्यावर कार आणि तार यांची चित्रे ठेवावीत. मुलाला कार हवी आहे, पण तो ‘तार’ म्हणतो. तज्ज्ञ तारेचेच चित्र पुढे करतो. आपल्या उच्चाराने अर्थ बदलला हे मुलाला तेथेच उमगते. अर्ध्या तासात मुलाने किती वेळा शब्द उच्चारला, हेही मोजावे. पडद्यावरील रंगीत खेळांतच वेळ गेला तर मूल रमते, पण सराव होत नाही.

तिसरी गोष्ट आवाजाची. ‘स’ या ध्वनीची बरीच शक्ती उच्च कंपनसंख्येत असते. संपर्क निकृष्ट असला किंवा यंत्राने ती सळसळ गोंगाट समजून दाबली, तर तज्ज्ञाला ‘स’ शुद्ध की अशुद्ध हे कळत नाही. म्हणून चांगला मायक्रोफोन, शांत खोली आणि मुलाजवळ बसलेले वडीलधारे माणूस हवे.

चौथी गोष्ट मोजमापाची. मूल वयानेही सुधारते. मग श्रेय उपचाराला कसे द्यावे? यावर साधी युक्ती आहे. ‘क’ आणि ‘र’ दोन्ही चुकत असतील, तर आधी फक्त ‘क’ शिकवावा. सरावात न घेतलेल्या ‘क’च्या शब्दांची अधूनमधून परीक्षा घ्यावी आणि ‘र’चीही नोंद ठेवावी. ‘क’ सुधारला, ‘र’ होता तसाच राहिला, तर गुण बहुधा उपचाराचा. दोन्ही सारखेच सुधारले, तर श्रेय घेण्याची घाई करू नये.

शेवटचा मुद्दा आपल्या, भाषेच्या विद्यार्थ्यांचा आहे. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. ‘काळा’चे ‘काया’ होते. तो वाचादोष नव्हे, ती त्या मुलाच्या घरची भाषा आहे. दूरच्या शहरातून पडद्यावर पाहणाऱ्या तज्ज्ञाला ती ठाऊक नसेल, तर निरोगी मुलावर उपचार सुरू होतील आणि त्याच्या आईची बोली दोष ठरेल. बोली हा वाचादोष नव्हे, हे अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने इंग्रजीच्या बोलींबाबत १९८३ मध्येच स्पष्ट केले. इंग्रजी चाचण्यांचे भाषांतर करून हे काम भागणार नाही. कोणत्या वयाचे मूल कोणत्या प्रदेशात कसे बोलते याच्या नोंदी हव्यात, आणि त्या गोळा करण्यात मराठीचा विद्यार्थी मोठा हातभार लावू शकेल.

दिवंगत किंवा विस्मृत शब्दांचे संशोधन आपण आवडीने करतो. शेजारच्या शाळेतील पाच-सहा वर्षांच्या मुलांचे शब्द ऐकून टिपणे हेही संशोधनच होय. मान खाली घालून बसलेला एखादा मुलगा त्यामुळे पुन्हा वाचायला उभा राहिला, तर आपल्या अभ्यासाचे चीज झाले असे म्हणता येईल.