निवृत्तीनंतरची आवराआवर

भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. या पोलादनगरीत निवृत्त कर्मचाऱ्यास कारखान्याचे निवासस्थान सोडताना तीस-पस्तीस वर्षांचा संसार थोड्या दिवसांत आवरावा लागतो. लोखंडी कपाटाची चिंता नको. लोखंड पुन्हा वितळून पोलाद होते, हे भिलाईकरांस काय सांगावे! खरा प्रश्न २००३ पूर्वीच्या फ्रिजचा. भंगारवाला तांब्यासाठी नळी कापतो आणि ओझोनच्या थरास घातक असा वायू हवेत मिसळतो. असा फ्रिज, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार, नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडेच जावा. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, म्हणून ती फोडू नये. आणि रद्दीच्या गठ्ठ्यात जुन्या धनादेश-पुस्तिका नाहीत ना, हे पाहावे. उरलेले कोरे धनादेश आधी फाडावेत.