विवाहाची नोंद : संसाराचा कायदेशीर आधार

घोड नदीच्या काठचे शिरूर आणि भीमेच्या काठचे दौंड. पुणे जिल्ह्यातील हे दोन शेजारी तालुके. एकीकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे रेल्वेचे मोठे जंक्शन आणि दोन्हीकडे उसाची शेती. लग्नसराईत येथे गावोगाव मांडव उभे राहतात, अक्षता पडतात, पंगती उठतात. विवाहाच्या नोंदीची आठवण मात्र बहुधा गरज पडल्यावरच होते.

कर्त्या पुरुषाचा अकाली मृत्यू झाला की ही गरज तीव्रतेने जाणवते. कुटुंब निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी, सातबाऱ्यावरील वारसनोंद अशा प्रत्येक ठिकाणी विधवेला आपण पत्नी असल्याचा पुरावा द्यावा लागतो. दुःखाच्या त्या दिवसांत साक्षीदार शोधत फिरण्यापेक्षा नोंदीचा एक दाखला मोलाचा ठरतो.

नोंद कोठे व कशी?

महाराष्ट्रात यासाठी 1998 चा विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम लागू आहे. गावात ग्रामपंचायतीत आणि शिरूर व दौंड शहरांत नगरपरिषदेत ही नोंद होते. वधूवरांनी तीन साक्षीदारांसह विहित नमुन्यातील ज्ञापन विवाहानंतर 90 दिवसांच्या आत सादर करावयाचे असते. वधूचे वय किमान 18 व वराचे किमान 21 वर्षे पूर्ण असले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानेही 2006 साली सर्व विवाहांची नोंद सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. धार्मिक विधी न करता, किंवा भिन्नधर्मीयांना आपापला धर्म कायम ठेवून विवाह करावयाचा असल्यास 1954 च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग खुला आहे. त्यासाठी विवाह अधिकाऱ्याकडे 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते.

नोंदीची मर्यादा

नोंद हा विवाहाचा पुरावा आहे. ती अवैध विवाहास वैध करीत नाही. तसेच केवळ नोंद नाही म्हणून विधिपूर्वक झालेला हिंदू विवाह रद्द ठरत नाही. पहिली पत्नी हयात असताना व घटस्फोट झालेला नसताना केलेला दुसरा हिंदू विवाह मात्र शून्य ठरतो. महाराष्ट्रातील एका प्रकरणात 1988 साली अशा स्त्रीला पोटगी नाकारली गेली. पुढे 2013 साली, पहिला विवाह लपवून फसविल्या गेलेल्या स्त्रीला सर्वोच्च न्यायालयाने पोटगीचा आधार दिला. अशा संबंधांतील संतती कायद्याने औरस मानली जाते व आईवडिलांच्या मालमत्तेत तिला हक्क असतो. म्हणून मुलीचे लग्न ठरविताना वराच्या पूर्वविवाहाची चौकशी करणे, हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्यच ठरते.

साहाय्य कोठे मिळेल?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 अन्वये स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेविषयक साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.

लग्नाचा मांडव चार दिवसांत उतरतो. नोंदीचा कागद मात्र आयुष्यभर उपयोगी पडतो. लग्नाच्या याद्या करताना त्यांत ग्रामपंचायतीची ही एक फेरी आवर्जून लिहून ठेवावी.